आजारपणात 'ॲट रिस्क'चं पत्र आलं तर: ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी

तिसऱ्या केमोनंतरचा पाचवा दिवस होता. तोंडाला चव नव्हती, समोर तांदळाची पेज गार होत होती आणि मी सवयीने ऑफिसचा ईमेल उघडला. 'तुमच्या पदाबाबत' असा विषय. आत पत्र: विभागाची पुनर्रचना होते आहे, चौघांपैकी दोघांना कमी करायचं आहे, तुमचं पद 'ॲट रिस्क' आहे. मी काय केलं असेल? 'थँक यू फॉर लेटिंग मी नो' असं उत्तर पाठवलं आणि पेज संपवली.

पुढचे पाच महिने जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही. मिडलंड्समधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करणारी, स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेली बाई आहे. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला लागू आहे. नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. आजारी माणसाला रिडंडन्सीत, म्हणजे पदच रद्द करून, काढताच येत नाही असं नाही. काम खरंच कमी झालं असेल आणि निवड सरळ झाली असेल तर आजारी माणूसही जातो. आजारपणामुळे तुमचं पारडं हलकं करणं मात्र बेकायदा आहे. सगळी लढाई तेवढ्यापुरती असते.

१. 'मी काही अपंग नाही' हे वाक्य आधी सोडा

मला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. 'डिसेबल्ड' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुबड्या येतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "असं अशुभ बोलू नकोस, बरी होशील तू." पण इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मधला हा शब्द तुमच्या तब्येतीबद्दलचं भाकीत नाही, ते तुमचं चिलखत आहे.

कॅन्सर, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या तिन्हींत निदान झालेल्या दिवसापासून तुम्ही कायद्याच्या दृष्टीने डिसेबल्ड असता. काही सिद्ध करावं लागत नाही. बाकीच्या आजारांत, म्हणजे हृदयविकार, स्ट्रोक, किडनी, डिप्रेशन, संधिवात वगैरे, तीन गोष्टी बघतात: रोजच्या साध्या कामांवर लक्षणीय परिणाम होतो का, तो १२ महिने टिकला आहे का, किंवा टिकण्याची शक्यता आहे का. इथे एक मेख आहे. औषधं घेऊन तुम्ही ठीक असाल तर औषधं नसती तर काय झालं असतं हे धरलं जातं. त्यामुळे 'गोळी घेतली की फिट येत नाही, मग मी कसला डिसेबल्ड' असं स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका.

भेदभावाच्या दाव्याला नोकरीच्या वर्षांची अट नाही. पहिल्या आठवड्यातही तो करता येतो. साध्या अनफेअर डिसमिसलला (अन्यायाने काढल्याच्या दाव्याला) मात्र दोन वर्षं नोकरी लागते. जानेवारी २०२७ पासून ही अट सहा महिन्यांवर येते आहे.

२. कंपनीला कळवा आणि लेखी कळवा

आपल्याकडे घरातलं आजारपण घरात ठेवायची रीत आहे. मीही पहिले सहा आठवडे 'छोटं ऑपरेशन आहे' एवढंच सांगितलं होतं. कोणाला कीव नको होती, आणि व्हिसाची भीती होतीच. पण कंपनीला तुमचा आजार माहीत नव्हता आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं, तर तुमचा बराचसा दावा तिथेच कोसळतो.

सगळ्या ऑफिसला सांगायची गरज नाही. एचआरला एक ईमेल पुरे: आजाराचं नाव, निदानाची तारीख, उपचार साधारण किती चालतील, आणि 'ही माहिती गोपनीय ठेवावी'. त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा. मॅनेजरला कॉफीच्या मशीनपाशी सांगितलेलं सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. माझ्या मॅनेजरला नाही आठवलं.

सात दिवसांपर्यंतच्या रजेला तुमचंच निवेदन चालतं, त्यापुढे फिट नोट, म्हणजे तुम्ही कामाला योग्य आहात की नाही याचा दाखला, लागते. २०२२ पासून ती फक्त डॉक्टरच नव्हे, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही देऊ शकतात. 'काम करू शकत नाही' आणि 'काही बदल केले तर करू शकेल' असे तिच्यावर दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय असेल तर कमी तास, हळूहळू परतणं, हलकं काम यांच्यापुढे खूण करून घ्या. ती खूण पुढे पुरावा होते.

३. 'रीझनेबल ॲडजस्टमेंट' स्वतः मागा

डिसेबल्ड कर्मचाऱ्याला अडचण येऊ नये म्हणून वाजवी बदल करणं ही कंपनीची जबाबदारी आहे. खर्चही तिचाच, तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. कंपनी ऑक्युपेशनल हेल्थकडे (काम आणि तब्येत यांबद्दल कंपनीला सल्ला देणाऱ्या डॉक्टर-नर्सकडे) पाठवत असेल तर जा. घाबरू नका, पण तयारीने जा. मी पहिल्या भेटीत 'आय ॲम मॅनेजिंग' असं चार वेळा म्हणाले, आणि अहवालात आलं: 'कर्मचारी व्यवस्थित सांभाळते आहे.' दुसऱ्या भेटीला यादी घेऊन गेले: दुपारी दोननंतर आकडे डोळ्यांपुढे फिरतात, बोटं बधिर असल्यामुळे टायपिंगला दुप्पट वेळ लागतो, बसमध्ये उभं राहवत नाही. अहवाल एकदम वेगळा आला. 'बरं चाललंय' म्हणायची आपली सवय डॉक्टरपुढे तरी बाजूला ठेवा.

रिडंडन्सीच्या प्रक्रियेतही ॲडजस्टमेंट मागता येतात, हे मला फार उशिरा कळलं. मीटिंग केमोच्या आठवड्यात नको, व्हिडिओवर हवी, प्रश्न आधी लेखी हवेत, उत्तराला जादा दिवस हवेत, नवऱ्याला सोबत बसू द्या. तक्रारीच्या आणि शिस्तभंगाच्या सुनावणीत सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत आणायचा हक्क कायद्याने आहे. रिडंडन्सीच्या मीटिंगला तो तसा आपोआप लागू होत नाही. म्हणून तो ॲडजस्टमेंट म्हणून मागायचा.

जाता जाता: केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्या रात्री झोप लागत नाही. पहाटे तीनला डोकं भन्नाट चालतं आणि एचआरला धडा शिकवणारी पत्रं सुचतात. लिहा, पण पाठवू नका. माझं एक गेलं. त्यात 'रिगार्ड्स' सोडून एकही सभ्य शब्द नव्हता.

४. तारखांची वही

हा टप्पा सगळ्यात कोरडा आहे, पण माणसं हरतात ती इथे.

एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायालयाकडे, जायची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी. १४ मार्चला नोकरी संपली तर १३ जूनच्या आत एकासला (Acas, नोकरीतल्या तंट्यांत मध्यस्थी करणारी संस्था) कळवून 'अर्ली कन्सिलिएशन', म्हणजे दाव्याआधीची मध्यस्थी, सुरू केलेलं असायला हवं. कंपनीत अपील चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. 'अपीलचा निकाल येऊ दे, मग बघू' म्हणत बसलेली दोन माणसं माझ्या ओळखीत आहेत, दोघांचीही मुदत गेली. शिवाय प्रत्येक घटनेचं घड्याळ वेगळं. कोणाला काढायचं ते ठरवणारे गुण फेब्रुवारीत दिले आणि नोकरी एप्रिलमध्ये गेली तर फेब्रुवारीपासून मोजा.

२०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे. तुमच्या तारखेला कोणती मुदत लागू होते ते एकासच्या ०३०० १२३ ११०० या हेल्पलाइनवर विचारा. तोवर तीन महिनेच धरून चाला.

मी साधी दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर तारीख, कोण, काय म्हणालं. उजवीकडे मला काय वाटलं. वाटलेलं वेगळं ठेवलं म्हणून डावी पानं जशीच्या तशी वकिलाला देता आली.

५. गुणांचा कागद मागा

'ॲट रिस्क' पत्रानंतर कन्सल्टेशन सुरू होतं, म्हणजे निर्णय पक्का होण्याआधीची चर्चा. ९० दिवसांत २० किंवा जास्त लोकांना कमी करायचं असेल तर पहिली नोकरी संपण्याआधी किमान ३० दिवस आणि १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस आधी सामूहिक चर्चा सुरू करावी लागते. त्याहून कमी लोक असतील तर दिवसांचा आकडा ठरलेला नाही, पण चर्चा खरी हवी.

पहिल्याच मीटिंगमध्ये तीन प्रश्न विचारा: माझी तुलना कोणत्या गटात होते आहे, निकष काय आहेत, आणि मला किती गुण दिले?

माझा कागद आडवा ए-फोर होता. चार रकाने: कौशल्य, अनुभव, कामाची गुणवत्ता, हजेरी. प्रत्येकी दहा गुण. पहिल्या तीन रकान्यांत मिळून ३० पैकी २५. हजेरीत शून्य, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'गैरहजेरी ४२ दिवस'. वाचायला एकूण २७ लागत होते. त्या ४२ मधले ४१ दिवस ऑपरेशन आणि केमोचे होते, सगळ्यांच्या फिट नोट दिलेल्या. उरलेला एक दिवस सर्दीचा.

एचआरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांना एकच नियम लावला आहे." ऐकायला न्याय वाटतो. पण इक्वॅलिटी ॲक्टचं कलम १५ म्हणतं की आजारातून उद्भवलेल्या गोष्टीमुळे, इथे गैरहजेरीमुळे, तुम्हाला वाईट वागवलं तर तोही भेदभाव. त्याला दुसऱ्या कोणाशी तुलना लागत नाही. कंपनीला बचाव आहे: योग्य उद्देशासाठी हाच प्रमाणशीर मार्ग होता असं तिला दाखवावं लागतं. आजाराचे दिवस वगळून हजेरी मोजता येत असताना ते दाखवणं अवघड जातं.

हजेरी सहसा उघड दिसते. आडून येणारे निकष जास्त फसवे: 'लवचीकता', 'गेल्या सहा महिन्यांतलं उत्पादन', 'प्रवासाची तयारी', 'ऊर्जा'. हे शब्द दिसले की विचारा, मी आजारी असतानाचा काळ यात कसा धरला? आणि तोंडी उत्तरावर थांबू नका. त्याच दिवशी ईमेल करा: 'आजच्या मीटिंगमध्ये तुम्ही असं सांगितलं, माझी समज बरोबर आहे ना?'

तक्रारीच्या कागदात 'डिसेबिलिटी डिस्क्रिमिनेशन' आणि 'इक्वॅलिटी ॲक्ट २०१०' हे शब्द स्पष्ट लिहा. 'मला हे बरोबर वाटत नाही' पुरत नाही. तशी लेखी तक्रार केल्यावर कंपनीने तिचा डूख धरला तर त्यावर 'व्हिक्टिमायझेशन' म्हणून वेगळा दावा होतो.

६. कंपनीतलीच दुसरी जागा

रिकाम्या जागांची यादी मागा, आणि रजेवर असलात तरी ती तुम्हाला पाठवायला सांगा. माझ्या वेळी यादी फक्त ऑफिसच्या अंतर्गत पानावर होती, आणि रजेमुळे माझं लॉगिन बंद केलेलं होतं. असलं काही झालं तर त्याच दिवशी लिहून कळवा.

गर्भवती आणि मॅटर्निटी रजेवरच्या स्त्रियांना योग्य रिकामी जागा देताना कायद्याने प्राधान्य आहे. आजारी कर्मचाऱ्याला तसं थेट प्राधान्य नाही. पण ॲडजस्टमेंटच्या वाटेने बरंच मागता येतं. २००४ चा आर्चिबाल्ड विरुद्ध फाइफ कौन्सिल हा निकाल एचआरच्या लोकांना ठाऊक असतो. रस्ता झाडण्याचं काम करणाऱ्या एका बाईंना ऑपरेशननंतर चालता येईना. त्यांनी कौन्सिलमध्ये शंभरावर जागांसाठी अर्ज केले आणि दरवेळी स्पर्धेत मागे पडल्या. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) म्हटलं की स्पर्धा-मुलाखतीशिवाय दुसऱ्या जागेवर बदली करणं हीसुद्धा वाजवी ॲडजस्टमेंट असू शकते. पत्रात त्याचा एका ओळीचा उल्लेख केला तरी समोरचा आवाज बदलतो.

नवी जागा घेतलीत तर चार आठवडे आजमावून बघायची मुदत असते. त्या काळात योग्य कारणामुळे जमलं नाही तर रिडंडन्सीचे पैसे शाबूत राहतात.

७. सबजेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट

कंपनीकडे तुमच्याबद्दल जे लिहिलेलं आहे ते मागायचा हक्क. फुकट आहे, आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं; गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात. म्हणून लवकर पाठवा. 'माझ्याबद्दल सगळं द्या' म्हटलंत तर पार्किंगच्या पासापासून सगळा गठ्ठा येतो. तारखा द्या, ज्यांचे ईमेल हवेत त्यांची नावं द्या, 'रिडंडन्सी', 'गैरहजेरी', 'आजार' हे शब्द द्या.

मला ६० पानं आली. बरीच काळी केलेली. एका ओळीवर काळं मारायचं राहून गेलं होतं: 'ती पूर्णवेळ परत येईल असं मला तरी वाटत नाही.' गुण देण्याच्या दोन दिवस आधीची तारीख. मी ती ओळ नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, मग बराच वेळ दोघंही गप्प होतो.

८. व्हिसावर असाल तर

नोकरी संपली की कंपनीने १० कामाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं. त्यानंतर व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्र येतं; सहसा ६० दिवस मिळतात, मूळ व्हिसा त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या मुदतीत नव्या स्पॉन्सरकडे (व्हिसासाठी हमी देणाऱ्या कंपनीकडे) जाण्याचा तुमचा अर्ज दाखल झाला पाहिजे, मंजूर झालाच पाहिजे असं नाही.

बिनपगारी रजा चार आठवड्यांवर गेली तर स्पॉन्सरशिप काढावी लागते असं कोणी ऐकवलं तर खरं आहे, पण आजारपणाची रजा त्याला अपवाद आहे. हे मला एचआरने उलटं सांगितलं होतं. लबाडी नव्हती, अज्ञान होतं.

'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) असा शिक्का असला तरी स्टॅट्युटरी सिक पे (कंपनीने द्यायचा कायदेशीर किमान आजारपणाचा पगार) मिळतो, जास्तीत जास्त २८ आठवडे. तो संपल्यावर, नॅशनल इन्शुरन्स पुरेसा भरला असेल तर न्यू स्टाइल ईएसए (आजारपणामुळे काम न जमणाऱ्यांचा भत्ता) मागता येतो. तो पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाचा भत्ता) आणि पिप (अपंगत्वाचा भत्ता) मात्र मोडतात. तिथे चुकून अर्ज करू नका, व्हिसावर बालंट येतं.

पैशांच्या वाटाघाटीत शेवटच्या तारखेचीही वाटाघाट करा. दोन महिने जादा 'गार्डन लीव्ह', म्हणजे काम न करता पगारावर राहणं, मिळाली तर ते ६० दिवस तेवढे उशिरा सुरू होतात. माझ्यासाठी हे रकमेपेक्षा मोलाचं होतं.

९. अपील, एकास, ट्रायब्युनल

निर्णय विरुद्ध गेला तर अपील करा, मुदत पत्रातच असते. एकासची मध्यस्थी फुकट आहे आणि आधी एकासला कळवल्याशिवाय ट्रायब्युनलचा अर्ज घेत नाहीत. अर्जालाही फी नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द ठरवली. सुनावणीला मात्र फार वेळ लागतो, हे गृहीत धरूनच पुढे जा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. आधी घराच्या विम्याचे कागद काढा. पुष्कळदा त्यात 'लीगल एक्स्पेन्सेस कव्हर' असतं आणि आपण ते कधी वाचलेलंच नसतं. आमचं बॉयलरच्या वॉरंटीमागे सापडलं. पण आधी विमा कंपनीला विचारा आणि मगच वकील नेमा, नाहीतर ते पैसे देत नाहीत. युनियनचे सदस्य असाल तर तिथेही विचारा.

एवढे कागद एका फायलीत ठेवा:

- नोकरीचा करार आणि कर्मचारी पुस्तिका, विशेषतः आजारपणाचा पगार आणि उत्पन्न-विमा ही पानं
- निदानाचं पत्र आणि सगळ्या फिट नोट
- ऑक्युपेशनल हेल्थचे अहवाल
- आजारापूर्वीची वार्षिक मूल्यमापनं. 'काम आधीपासूनच कच्चं होतं' म्हणाले तर हीच कामी येतात
- 'ॲट रिस्क' पत्र, गुणांचा कागद, मीटिंगची टिपणं
- शेवटच्या बारा पगाराच्या स्लिपा
- व्हिसाचे आणि स्पॉन्सरशिपचे कागद

लॉगिन कधीही बंद होऊ शकतं, म्हणून स्वतःचे कागद वेळेवर उतरवून घ्या. ग्राहकांची किंवा कंपनीची गोपनीय माहिती मात्र खासगी ईमेलवर पाठवू नका. तेवढ्यावरून उलटी कारवाई होते.

१०. सेटलमेंट ॲग्रीमेंट

म्हणजे पैसे घेऊन दावा सोडण्याचा करार. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. माझंही मिटलं. रक्कम सांगता येत नाही, तशी सही केली आहे.

स्टॅट्युटरी रिडंडन्सीचा, म्हणजे कायद्याने ठरलेल्या किमान भरपाईचा, आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार लहान असतो. दोन वर्षं नोकरी झाली असेल तरच मिळतो. २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार, ४१ पासूनच्या वर्षांना दीड, तोही सरकारी कमाल मर्यादेत. माझ्या चार वर्षांचे चार आठवडे. म्हणून कंपनीने 'कायद्यापेक्षा दुप्पट' म्हटलं की हुरळून जाऊ नका. भेदभावाच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, आणि नुसत्या मानसिक त्रासाचेच पट्टे ठरलेले आहेत: ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात दाखल दाव्यांना सगळ्यात खालचा १,२०० ते १२,१०० पाउंड, मधला ३६,४०० पर्यंत, वरचा ६०,७०० पर्यंत होता. बुडालेला पगार त्याहून वेगळा.

स्वतंत्र सल्लागाराने समजावून सांगितल्याशिवाय हा करार बंधनकारक होत नाही, आणि त्याची फी बहुधा कंपनीच देते. विचार करायला किमान १० दिवस द्यावेत असं एकासची संहिता सांगते. 'शुक्रवारपर्यंत सही' म्हणाले तर ते वाक्य लेखी मागा. सहसा शुक्रवार पुढे सरकतो. भरपाईचे पहिले ३०,००० पाउंड सहसा करमुक्त असतात, नोटीसचा पगार आणि उरलेली रजा यांवर कर लागतो.

आणि रेफरन्सचा (जुन्या कंपनीने नव्या कंपनीला द्यायच्या पत्राचा) मजकूर करारालाच जोडून घ्या, शब्द न शब्द. नव्या ठिकाणी ऑफर देण्याआधी तब्येतीबद्दल विचारायला काही अपवाद सोडता मनाई आहे, पण जुन्या कंपनीच्या पत्रातून ती माहिती मागच्या दाराने पोचू शकते. आमच्या पहिल्या मसुद्यात 'गैरहजेरी: ४२ दिवस' अशी ओळ होती. वकिलाने ती खोडून परत पाठवली. आता तिथे फक्त पद आणि दोन तारखा आहेत.